मोतीरामच्या पाठातले बारा दोष

अमडापूरच्या शिवारात, ओढ्याच्या काठाला, पुंजाजीच्या बापाची दोन एकर बागायत होती. बापाचं नाव कारभारी. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या वाफ्यांत त्या घरातली चार माणसं सकाळपासून वाकलेली असत. पुंजाजी हा त्या घरातला पहिला शिकलेला माणूस. व्हर्नाक्युलर फायनलची, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा तो दुसऱ्या खेपेला पास झाला आणि गावच्या हेडमास्तरांनी कारभारीला सांगितलं, याला मास्तर होऊ द्या. कारभारी तयार नव्हता, कारण वाफ्यांना पाणी धरायला एक माणूस कमी होणार होतं. शेवटी आई तानुबाईनंच निकाल लावला. ती म्हणाली, माझ्या डोक्यावरची भाजीची पाटी माझ्याजवळ राहू द्या, त्याच्या हातात लिहायची पाटी असू द्या.

अशा रीतीनं एकोणीसशे एकतीस सालच्या जूनमध्ये पुंजाजी वळकटी घेऊन जिल्ह्याच्या गावी आला आणि नॉर्मल स्कुलात दाखल झाला. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर घडवण्याची शाळा. तिथं दोन वर्षं काढून सर्टिफिकेट मिळालं, की वऱ्हाडातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत माणूस कायमचा शिक्षक व्हायचा.

बोर्डिंगात त्याच्या खोलीत जो सोबती आला, तो घाटाखालचा. वडनेर भोलजीचा मोतीराम. अंगानं किरकोळ, आवाज खालचा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय. दोघं मिळून स्वयंपाक करत. पुंजाजीच्या भाकरी फाटत, म्हणून भाकरी मोतीरामच थापायचा आणि पुंजाजी बेसन ढवळायचा.

पुंजाजी गणितात कच्चा होता. अपूर्णांक त्याला कधी उमगलेच नव्हते, फायनलला त्यानं ते पाठ करून वेळ मारून नेली होती. मोतीरामनं एक दिवस तव्यावरची भाकरी काढून त्याच्यासमोर चार तुकडे केले, मग त्यातल्या एकाचे दोन केले, आणि काहीही न सांगता विचारलं, आता तुझ्या हातात भाकरीचा कितवा हिस्सा आहे. पुंजाजी बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत बसला. मोतीराम थांबला. भाकरी गार झाली तरी थांबला. त्याचं हे थांबणं पुंजाजीला पुढं जन्मभर आठवत राहिलं, कारण त्या दिवशी अपूर्णांक त्याला समजले ते समजलेच.

नॉर्मल स्कुलाला लागूनच एक प्राथमिक शाळा होती. शिकाऊ मास्तरांनी सरावाचे पाठ तिथं घ्यायचे. गावातल्या वकिलांची, कारकुनांची, दुकानदारांची आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची मुलं तिथं येत. ही मुलं म्हणजे मोठी तरबेज मंडळी होती. दर वर्षी पंचवीस-तीस नवे शिकाऊ मास्तर त्यांच्यावर हात बसवून जात. कोण घाबरट आहे हे त्यांना हजेरी घेईपर्यंत कळायचं. कापसावरचा, गाईवरचा, पोस्टाच्या तिकिटावरचा पाठ त्यांनी वर्षातून चार-चार वेळा ऐकलेला असायचा. मास्तरानं पहिला प्रश्न विचारला की एखादा मुलगा उठून दहाव्या प्रश्नापर्यंतची उत्तरं सांगून खाली बसायचा, आणि मग मास्तराकडे विचारायला काही उरायचं नाही.

त्याहून अवघड होता तो टीकापाठ. आठवड्यातून एकदा कोणा एकानं साऱ्या वर्गासमोर पाठ द्यायचा. मुलांच्या मागं भिंतीला टेकून बाकीचे शिकाऊ मास्तर वह्या घेऊन बसत आणि दाराजवळच्या खुर्चीवर अध्यापनपद्धतीचे शिक्षक भगवानराव. पाठ चालू असताना मागच्या लोकांनी दोष टिपायचे आणि पाठ संपल्याबरोबर तिथल्या तिथं, मुलांच्या समोरच, ते वाचून दाखवायचे. मुलांना बाहेर पाठवलं तर वेळ फुकट जातो, असं भगवानरावांचं म्हणणं होतं.

भगवानराव वाईट माणूस नव्हते. वेळेचे पक्के होते, कोणाकडून पानसुपारीसुद्धा घेत नसत, आणि त्यांचा स्वतःचा पाठ बघताना माणूस हरखून जाई. पण दोष किमान दहा हवेत, हा त्यांचा नियम. कोणी सहा-सात लिहिले तर ते शांतपणे विचारत, आपल्याला झोप लागली होती काय. जुलैच्या शेवटी एका पाठाला पुंजाजीनं चारच दोष लिहिले होते, तेव्हा त्यांनी त्याला उभं करून साऱ्यांसमोर सांगितलं, ज्याला दुसऱ्याची चूक दिसत नाही त्याला स्वतःची कधीच दिसणार नाही. त्या दिवसापासून पुंजाजीनं ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोतीरामची पाळी आली. तिसरी यत्ता, वस्तुपाठ म्हणजे वस्तू हाती देऊन शिकवायचा पाठ, विषय कापसाचं बोंड. बोंडं लागायला अजून अवकाश होता, म्हणून त्यानं मागल्या हंगामातलं वाळलेलं बोंड कोणाकडून तरी मागवलं होतं. पाठाचं टाचण तीन वेळा लिहून काढलं होतं. आदल्या दिवशी तो पुंजाजीला म्हणाला होता की मुलांशी बोलताना काही वाटत नाही, पण पाठीमागं पेन्सिली चालायला लागल्या की टाचणातलं पुढचं आठवेनासं होतं. पुंजाजीनं सांगितलं, मागं बघूच नको.

पाठ सुरुवातीला बरा चालला होता. मोतीरामनं बोंड मुलांच्या हाती दिलं, एकेकाला बोटांनी चाचपू दिलं. मग एका वकिलाच्या मुलानं पहिल्या प्रश्नालाच उठून सगळा पाठ म्हणून टाकला, सरकी, रुई, वेचणी, जिनिंग, मुंबई. मोतीराम गोंधळला. त्याच्या टाचणातलं काहीच शिल्लक राहिलं नाही. घाबरला की माणूस घरच्या बोलीत जातो, तसा तो गेला. "मले सांगा, तुमाले हे कोठी दिसलं," असं तो म्हणाला आणि मुलं हसली. त्यातली अर्धी मुलं घरी आईशी तसंच बोलत होती, तरी हसली. त्यानंतर मोतीरामला बोली आवरेना. जितकी आवरायला जावी तितकी ती तोंडातून येत राहिली.

भिंतीशी बसलेला पुंजाजी लिहीत होता. नऊ दोष झाले होते. दहावा सापडत नव्हता. मग त्याला वाटलं, बोलीचा एक वेगळा दोष करता येईल. त्यानं वहीच्या कोपऱ्यात 'मले' आणि 'तुमाले' मोजायला सुरुवात केली. एकेका वेळेला एकेक रेघ. तो स्वतः अमडापूरचा, त्याच्या घरीही मले-तुलेच चाले. इथं आल्यावर त्यानं फार मेहनतीनं ती बोली जिभेवरून पुसली होती, आणि पुसलेली राहावी म्हणून रोज जपत होता. रेघा मारताना त्याच्या मनात मोतीराम नव्हता. भगवानरावांची खुर्ची होती.

पाठ संपला. भगवानरावांनी वह्यांवरून नजर फिरवली आणि पुंजाजीलाच उभं केलं. पुंजाजीनं बारा दोष वाचले. फळ्यावरचं अक्षर चढतं आहे. प्रश्न एकाच रांगेला विचारले. वस्तू फिरवताना वर्गाचं लक्ष उडालं. असं करत करत तो दहाव्यावर आला: शिक्षकांनी 'मले', 'तुमाले' असे ग्राम्य शब्द अकरा वेळा उच्चारले. वर्गात पुन्हा हशा झाला. या खेपेला मागचे शिकाऊ मास्तरही हसले. मोतीराम फळ्याशी उभा होता, त्याच्या हातात ते बोंड होतं, आणि तो खाली त्याच्याकडेच बघत होता. भगवानराव म्हणाले की टीका अशी असावी, मोजून मापून. पुंजाजी खाली बसला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. ही गोष्ट त्यानं पुढं कोणापासून लपवली नाही, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी खोलीवर मोतीरामनं नेहमीसारख्या भाकरी थापल्या. दोघं जेवले. ताटं घासून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"अकरा खेपा म्हतलं म्या?"

"हाव," पुंजाजी म्हणाला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ती बोली निघाली होती.

"मले त एकही ऐकू नाई आला," मोतीराम म्हणाला आणि वळकटी पसरायला लागला.

पुढच्या पंधरवड्यात त्याला पुन्हा पाठ देण्यात आला. तो वर्गात गेला, फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला, मुलांकडे वळला आणि बोललाच नाही. त्याचं तोंड उघडं होतं. एक शब्द आत तयार व्हायचा, तो बरोबर आहे का हे तपासण्यात वेळ जायचा आणि तो गिळला जायचा, हे समोरून दिसत होतं. मुलं आधी गप्प होती, मग कुजबुजायला लागली, मग कोणी पायानं जमीन वाजवायला लागलं. भगवानरावांनी घड्याळ पाहिलं आणि त्याला खाली बसायला सांगून पाठ दुसऱ्याला दिला. रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोतीराम सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं राजूरचा घाट उतरून गेला. नॉर्मल स्कुलाचे मुख्य असलेल्या सुपरिंटेंडेंट साहेबांच्या टेबलावर त्याचा अर्ज होता, घरच्या अडचणीमुळे शिक्षण पुरं करता येत नाही, असा. अक्षर सुरेख होतं.

सप्टेंबरात पुंजाजीचा टीकापाठ आला. तिसरी यत्ता, भूगोल, नदी. त्याची भाषा शुद्ध होती, टाचण चार पानांचं होतं, नकाशा त्यानं स्वतः रंगवला होता. पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की मुलं ऐकत नाहीत. दंगा करत नव्हती, नुसती बसली होती, पावसात उभ्या केलेल्या गुरांसारखी. तो मोठ्यानं बोलायला लागला. मागून पेन्सिलींचा आवाज आला. आता कोण काय लिहितंय, याचाच विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि उगम सांगून झाल्यावर तो एकदम मुखावर गेला, मधली सगळी नदी विसरला. त्याचे चौदा दोष निघाले. वहीवर तांबड्या शाईत शेरा आला: असमाधानकारक. असे तीन शेरे झाले की माणसाला घरी पाठवत.

त्या तिसरीचे वर्गशिक्षक रामराव नावाचे होते. धाड गावाकडचे, पन्नाशी उलटलेले. ते टीकापाठाच्या वेळी खिडकीशी तपकीर घेत बसून राहत आणि कधी एक शब्द बोलत नसत. शिकाऊ मास्तर त्यांना जमेत धरत नव्हते. शाळा सुटल्यावर त्यांनी पुंजाजीला थांबवलं आणि विचारलं, तिसऱ्या रांगेत सगळ्यात कडेला बसतो त्या मुलाचं नाव काय. पुंजाजीला सांगता आलं नाही. त्याच्या शेजारच्याचं? तेही नाही.

"अहो, ज्याचं नाव ठावं नाही, त्याला तुम्ही अर्धा तास काय सांगत होता?" रामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पुंजाजी शाळा भरायच्या आधी अर्धा तास तिसरीत जाऊन बसायला लागला. शिकवायचं नाही, असं रामरावांनी बजावलं होतं. पाट्या पुसून द्यायच्या, कोण कुठून येतो, काय खाऊन येतो, हे ऐकायचं. आठवड्यानं त्यांनी त्याला पाचच मुलं दिली आणि व्हरांड्यात दहा मिनिटं शिकवायला सांगितलं. मागं कोणी नाही, वही नाही. रामराव स्वतःसुद्धा तिकडं पाठ फिरवून बसले. झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली, कोणत्या मुलाला समजलं नाही ते तुम्हाला कळलं का. पुंजाजी चौदा दोषांची यादी घेऊन आला होता. रामरावांनी ती घडी करून त्याला परत दिली आणि म्हणाले, या आठवड्यात यातला एकच घ्या. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. बाकीचे तेरा असू द्या.

प्रश्न विचारून थांबणं पुंजाजीला फार जड गेलं. चार-पाच क्षणांतच तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. थांबायला कोण शिकवू शकला असता, हे त्याला ठाऊक होतं.

मग एकदा एका मुलीला 'उतार' म्हणजे काय ते समजेना. पुंजाजीनं पुस्तकातलं वाक्य तीनदा सांगितलं. तिचं नाव गीता, बाप गावाबाहेर भाजीचा मळा करणारा. पुंजाजीनं व्हरांड्यात इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पोरी, तुह्या वावरात पाणी कोण्या अंगानं वाह्यते?" मुलीनं लगेच हात करून दाखवलं, आणि मग उतार कोणता तेही दाखवलं. पुंजाजीनं दचकून मागं पाहिलं. रामराव ऐकत होते.

"चाललं," ते म्हणाले. "पोराला आधी समजू द्या. समजल्यावर पुस्तकातला शब्द द्या. पुस्तकातलाही द्यायचाच आहे, विसरू नका, तिला परीक्षा त्यातच द्यायची आहे."

पुंजाजीला राहवलं नाही. हे मोतीरामला का नाही सांगितलं, असं त्यानं विचारलं. विचारताना स्वर चढला होता.

रामरावांनी तपकिरीची डबी बंद केली. "तो आला नाही माझ्याकडं," ते म्हणाले, "आणि मी गेलो नाही त्याच्याकडं. मी नुसता वर्गशिक्षक. टीका ही भगवानरावांची बाब, तिच्यात आपण कशाला पडा, असं वीस वरसं म्हणत आलो. त्या दिवशी तुम्ही वाचत होता, तेव्हा मी तिथंच होतो की."

आतापर्यंत पुंजाजीनं त्या दिवसाचं ओझं एकट्यानं वाहिलं होतं. ते दोघांत वाटलं गेलं म्हणून हलकं झालं नाही, उलट आपण दोघंही तिथं होतो हे कळून आणखीच बोचायला लागलं. रामराव त्याच आठवड्यात सुपरिंटेंडेंट साहेबांकडे गेले. नोकरीत पहिल्यांदाच ते आपणहून साहेबांच्या खोलीत गेले असतील. मोतीराम दिवाळीनंतर परत आला तर त्याचं नाव पटावर पुन्हा चढवू, इतकं तोंडी आश्वासन त्यांनी मिळवलं.

दिवाळीच्या सुट्टीत पुंजाजी अमडापूरला न जाता आधी घाट उतरला. वडनेर भोलजीला पोचला तेव्हा वेचणीचे दिवस होते आणि घरी कोणी नव्हतं. मोतीरामची थोरली बहीण सुभद्राबाई वाटेत भेटली. पुंजाजीनं नाव सांगितल्यावर तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वावराकडं बोट केलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणजे घरी सारं माहीत होतं.

मोतीराम कपाशीच्या ओळीत होता. पुंजाजीला पाहून त्यानं कमरेची ओटी सोडली, कापूस ढिगावर ओतला आणि दोघं बांधावर बसले. पुंजाजीनं मोटारीत बसल्या बसल्या जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं एका दमात सांगून टाकलं. आपलं चुकलं, भगवानरावांच्या भीतीनं लिहिलं, आता साहेब परत घ्यायला तयार आहेत, रामराव मदत करतील, पाच-पाच पोरांवर सराव करू, मी संगती राहीन. मोतीराम ऐकत होता, आणि त्याची बोटं मांडीवर पडलेल्या रुईतली काडी-कचरा वेचत होती.

"तू खोटं लिहिलं असतं त बरं झालं असतं," तो शेवटी म्हणाला. "मी भांडलो असतो तुह्यासंग. पण ते बाराही खरे होते."

पुंजाजी म्हणाला, खरे असतील, पण ते बाराच तेवढे खरे नव्हते. तू पोट्ट्यांच्या हातात बोंड दिलं, तसं कोणीच देत नाही. अपूर्णांक मला कोणी शिकवले? ते मी लिहिलं नाही.

"मंग काऊन नाई लिहिलं?"

चांगलं लिहायला वहीत जागाच नव्हती, हे खरं कारण होतं, पण ते तोंडून काढायची पुंजाजीला लाज वाटली.

मोतीराम परत आला नाही. तो म्हणाला की आता आईशी बोलतानासुद्धा शब्द आधी मनात मोजला जातो, तिथं फळ्याशी काय उभं राहू. पुंजाजीनं रडून पाहिलं, रागावूनही पाहिलं. मोतीरामनं त्याला नांदुऱ्याच्या वाटेपर्यंत सोबत केली, आणि बहिणीच्या वागण्याचं मनावर घेऊ नको, असंही सांगितलं.

पुंजाजी दुसऱ्या वर्षी पास झाला, शेवटच्या श्रेणीत. चिखली तालुक्यातल्या एका खेड्यावर त्याची नेमणूक झाली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. लग्न झालं, बायको सत्यभामाबाई मेहकरकडची. शाळा एकशिक्षकी, चार यत्ता एका खोलीत. तो चांगला मास्तर झाला असं लोक म्हणत. त्याला स्वतःला इतकंच माहीत होतं की त्याच्या वर्गात प्रश्न विचारल्यावर शांतता असते आणि ती त्याला आता सोसते. सदतीस साली रामराव पेन्शनीत गेले आणि जाताना त्यांनी आपल्या जागेसाठी पुंजाजीचं नाव सुचवलं. असा तो त्याच शाळेत, त्याच तिसरीत, वर्गशिक्षक म्हणून परत आला.

भगवानराव अजून होते. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. टीकापाठही तसाच चालला होता. पहिल्याच आठवड्यात एका शिकाऊ पोराचा पाठ चालू असताना पुंजाजीनं पाहिलं, की आपण खिडकीशी बसून मनातल्या मनात दोष मोजतो आहोत. सातपर्यंत गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. घरी जाऊन त्यानं सत्यभामाबाईला ते सांगितलं. मोतीरामचं सारं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, त्यांना सांगा.

त्याला तीन महिने लागले. एका रविवारी सकाळी तो भगवानरावांच्या घरी गेला. भगवानरावांना मोतीराम आठवत नव्हता. पुंजाजीनं बोंडाचा पाठ सांगितला, न बोलता उभा राहिला ते सांगितलं, तेव्हा हळूहळू आठवला. ते म्हणाले की त्यांचे स्वतःचे दोष त्यांच्या मास्तरांनी याहून कडक शब्दांत, गावातल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर वाचले होते.

"मी टिकलो, पुंजाजी. त्यामुळेच घडलो."

"जे टिकले नाहीत, ते इथं सांगायला येत नाहीत, साहेब," पुंजाजी म्हणाला.

भगवानरावांनी त्याला चहा दिला, पण त्या विषयावर पुढं बोलले नाहीत. पुंजाजीला वाटलं, आपली बदली होणार. बदली झाली नाही. दिवाळीनंतर नवे सुपरिंटेंडेंट आले, त्यांच्याकडे भगवानराव स्वतः काय बोलले ते कोणाला कळलं नाही, पण दोन गोष्टी बदलल्या. टीका वाचायच्या आधी मुलांना अंगणात पाठवायचं ठरलं. आणि पहिला महिनाभर शिकाऊ मास्तरांनी पाच-पाच मुलांना, कोणी मागं न बसता, शिकवायचं ठरलं. दहा दोषांचा नियम मात्र भगवानराव निवृत्त होईपर्यंत राहिला. पुंजाजीनं आपल्या वर्गापुरती एवढी मोकळीक मागून घेतली, की लिहिणाऱ्यानं आधी पाठातली एक चांगली गोष्ट सांगावी आणि ती खरी असावी. पुष्कळांना ती सापडत नसे. ते म्हणत, चूक लगेच दिसते, चांगलं शोधावं लागतं.

सगळे काही तरले नाहीत. एक-दोघे त्याच्याही हातून गेले. एक मेहनती पोरगा होता, त्याला पुंजाजीनं चार महिने रोज अर्धा तास दिला, तरी मुलांवर त्याचा हात उठायचा तो राहीना. त्याच्या वहीवर पुंजाजीनंच असमाधानकारक असा शेरा लिहिला, आणि त्या दिवशी तो स्वतः जेवला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी कसल्याशा सरकारी मोजणीच्या कामासाठी मास्तरांना नांदुऱ्याला पाठवलं होतं. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि तिथं मापाडी म्हणून मोतीराम उभा होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं. मोतीरामचे कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. काट्याजवळ उभा राहून तो मोठ्यानं आकडे पुकारत होता, वऱ्हाडीतच, आणि त्याच्या आवाजाला कसलीही अडचण नव्हती. हात मोकळा झाल्यावर तो आला. दोघांनी हॉटेलात चहा घेतला. पुंजाजीनं त्याला सांगितलं की आता मुलांसमोर वाचत नाहीत, आधी पाच मुलांवर सराव होतो, चांगलं काय ते पहिल्यांदा सांगायचं. आपण हे सांगण्यासाठी किती वर्षं थांबलो होतो, हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं.

मोतीरामनं बशीतला चहा संपवला.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "मांगून येणाऱ्यांले कामी पडंन."

त्याला दोन मुली होत्या, थोरली चौथीत होती आणि गणितात हुशार होती, एवढं त्यानं पुंजाजीनं विचारलं तेव्हा सांगितलं. पुंजाजी म्हणाला, तिला पुढं शिकव. मोतीराम म्हणाला, पाहू. मग कोणीतरी काट्यावरून हाक मारली आणि तो उठून गेला.

दोन दिवसांनी पुंजाजी घाट चढून परत आला. दुसऱ्या दिवशी तिसरीत एका नव्या शिकाऊ मास्तराचा पाठ होता, आणि तो वाईट झाला. मुलं अंगणात गेली. पोरगा फळ्याशी हात बांधून उभा राहिला, बोलणी खायची तयारी करून. मागच्या मंडळींनी वह्या उघडल्या. पुंजाजीनं त्यांना थांबायला सांगितलं आणि त्या पोराला म्हणाला, आधी खाली बसा. तो बसला. मग पुंजाजीनं त्याला विचारलं, तुमच्या मते पाठ कुठं निसटला. पोरगा बोलेना. पुंजाजी वाट पाहत बसून राहिला.